एप्रिलचा फोटो

सत्यभामाच्या तोंडाला कुसळवाडीत सगळे टरकून असायचे. ईट गावाहून डोंगराकडं चढणाऱ्या रस्त्याच्या उजव्या अंगाला ही पाऊणशे घरांची वाडी, आणि वाडीच्या डोक्यावर पंचवीस हेक्टरचा गायरान डोंगर. त्या डोंगराची ती राखणदार. अंगानं काटकुळी, साडी पोटरीपर्यंत खोचलेली, डोक्याला गड्यासारखा बांधलेला टॉवेल आणि हातात काठी. ती काठी शेळ्यांच्या पाठीत बसायची, तशी शेळ्यांमागच्या बायांच्या पाठीतही बसलेली होती. आणि ते एकदाच झालं नव्हतं.

दोन हजार तेराच्या पावसाळ्यात, लागोपाठचे दोन दुष्काळ सोसून झाल्यावर, सरकारनं त्या डोंगरावर झाडं लावली. तेव्हा बब्रुवान नावाचा एक वनपाल होता, निवृत्तीला टेकलेला. वरून आलेली यादी त्यानं बाजूला ठेवली आणि स्वतःच्या मनानं रोपं आणली. खैर, मोई, बहावा, अंजन, सीताफळ. पाणी घालायला चार बाया लावल्या, त्यात सत्यभामा. तो त्यांना म्हणाला, "ह्या मुरमात बारमाही हिरवं राहणारं झाड दोन उन्हाळे काढत न्हाय. जे पानं टाकून गप बसतं, तेच इथं जगतं. उन्हाळ्यात ही सगळी मेल्यासारखी दिसतील. घाबरू नका आन् उपटू नका."

पहिल्या उन्हाळ्यात ती खरंच मेल्यासारखी दिसली. बाकीच्या तिघी म्हणाल्या, गेली सगळी, आता कशाला उन्हात मरायचं. एकेक करून त्या काम सोडून गेल्या. सत्यभामा एका खैराजवळ बसली आणि तिनं नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं. मग ती ओळीनं खरवडत गेली. दिवस मावळेपर्यंत तिच्या नखात साल भरली होती आणि ती एकटीच डोंगरावर मोठ्यानं हसत होती.

तिथून पुढं अकरा वर्षं तिचं दुसरं काही राहिलं नाही. डोंगराच्या पायथ्याला टँकर यायचा. तिथून डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर घेऊन ती चढायची. प्रत्येक रोपाच्या बुडाशी तिनं एकेक मडकं पुरलं होतं. बब्रुवान निवृत्त झाला, साहेब बदलले, योजनेचं नाव दोनदा बदललं, पण हजेरीपुस्तकात सत्यभामा उत्तरेश्वर गपाट हे नाव राहिलं. हातात येणारा रोज इतका थोडा होता, की तो कुणी हिरावून घ्यावा असंही कुणाला वाटलं नाही. तिचा नवरा उत्तरेश्वर गवंडी होता. पाठीचा मणका दुखावल्यापासून घरी बसून असायचा. स्वभावानं मऊ. तो एवढंच म्हणायचा, "तुजं लगीन त्या डोंगरासंगच लावायला पायजे हुतं." लेकीच्या, निकिताच्या हळदीच्या दिवशी वरून शेळीचं ओरडणं ऐकू आलं, तेव्हा सत्यभामा हळदीच्या हातानं काठी घेऊन पळाली होती. निकितानं ते मनात धरलं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली नाही.

जी बाई रोपासाठी इतकं करते ती माणसांशी चांगली असेल असं वाटतं. तशी ती नव्हती. चुलत जाऊ तुळजाबाई विधवा होती आणि सहा शेळ्यांवर तिचं घर चालायचं. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात कुठं काडी उरली नव्हती. तुळजाबाईनं पहाटे शेळ्या डोंगरावर घातल्या. त्या सीताफळाच्या कोवळ्या शेंड्यांना लागल्या. सत्यभामानं सहाच्या सहा धरल्या आणि थेट कोंडवाड्यात नेऊन घातल्या. तुळजाबाईला सोडवायला दोन दिवस लागले. तोवर एक शेळी, गाभण, कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून मेलेली होती. तुळजाबाई तिच्या दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसती बघत राहिली.

सत्यभामा म्हणाली, "शेळी दुसरी मिळती. झाड मिळत न्हाय."

करिश्मा नावाची एक नवी नवरी मोईच्या दोन फांद्या तोडताना सापडली. घरात बाळंतीण होती, पाणी तापवायचं होतं. सत्यभामानं त्याच फांद्यांची मोळी तिच्या डोक्यावर दिली आणि भर चावडीवरून तिला फिरवली. करिश्माच्या लग्नाला तेव्हा वीस दिवस झाले होते.

वाडी हे सगळं गिळून बसली. डोंगर मात्र वाढत गेला. खैर माणसाच्या डोक्यावर गेले. पावसाळ्यात वाडीतून वर बघितलं की डोंगर हिरवा दिसायचा, आणि सातव्या वर्षापासून दिवाळीपर्यंत सीताफळं धरायला लागली. ती मात्र सत्यभामानं कुणाला तोडू दिली नाहीत. बी पडूद्या, म्हणायची.

दोन हजार चोवीसच्या एप्रिलात दोन माणसं मोटरसायकलवर आली. डोंगराखाली रस्त्यावर थांबली. एकानं मोबाइल वर धरला, दोन फोटो घेतले. सत्यभामा वरच्या ओळीत होती. तिनं हाक मारली, "ओ, वर या की!" त्यांनी हात हलवला आणि गाडी फिरवली. ऊन मरणाचं होतं. रस्त्याची मोजणी करणारे असतील, असं तिला वाटलं.

जुलैत नोटीस आली. मुलानं, कृष्णराजनं, ओसरीवर बसून ती वाचली. तो चोवीस वर्षांचा होता, आयटीआय करून रिकामा होता. सरकारी मराठी त्याच्या तोंडात अडखळत होती.

"'उपग्रह प्रतिमांच्या आधारे करण्यात आलेल्या तपासणीत सदर गटामध्ये वृक्षाच्छादन आढळून आलेले नाही. क्षेत्रीय छायाचित्रांवरूनही त्यास दुजोरा मिळत आहे. सबब लागवड अयशस्वी ठरविण्यात येत असून…'"

"म्हंजी काय?"

"म्हंजी डोंगरावर झाडं न्हायत."

सत्यभामानं वर बघितलं. पाऊस सुरू होऊन महिना झाला होता. डोंगर हिरवागार होता. ती हसली. "पुढं वाच."

"'अस्तित्वात नसलेल्या वृक्षांच्या राखणीपोटी हजेरी नोंदविल्याचे प्रथमदर्शनी दिसून येत असल्याने आपले नाव मजुरांच्या यादीतून वगळण्यात येत आहे.'" कृष्णराजनं कागद खाली ठेवला. "आई, तू अकरा वर्षं खोटी हजेरी लावली म्हनत्यात."

ती हसायची थांबली.

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीवर एक फलक लागला. खालच्या ओढ्याच्या दोन्ही काठांना वेडी बाभूळ माजली होती. ती कुणी लावली नव्हती. ढोरं तोंड लावत नाहीत, काटा रुतला तर पाय महिनाभर सुजतो. पण ती उन्हाळ्यातही हिरवी असते. ओढ्याच्या पट्ट्यात लागवड केल्याचं सरपंच रणधीरनं चार वर्षांपूर्वी कागदावर दाखवलं होतं. उपग्रहाला तो पट्टा हिरवा दिसला. 'यशस्वी वृक्षलागवड, प्रमाणपत्रप्राप्त गाव', असं फलकावर लिहिलं होतं आणि शेजारी रणधीरचा फेटा बांधलेला फोटो होता.

सत्यभामा तालुक्याला तीनदा जाऊन आली. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा होते, ते म्हणाले, तक्रार लेखी द्या. तिसऱ्यांदा तिनं लेखी दिली, तेव्हा त्यांनी सांगितलं, "बाई, हे आकाशातून काढलेलं असतंय. त्यात माणसाचा हात नसतो. खोटं कसं निघंल?"

सप्टेंबरात एक जीप वाडीतून जाताना दिसली. काचेवर तपासणीचा कागद चिकटवलेला. सत्यभामा रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून उभी राहिली. जीपमधून एक मुलगी उतरली, सत्तावीस-अठ्ठावीसची, हातात टॅब. तिचं नाव अर्पिता. मूळ अणदूरची, पुण्याच्या ज्या कंपनीनं ही तपासणी केली होती तिथं ती कंत्राटावर होती.

"मावशी, तुमचा गट माझ्या यादीत नाही," ती म्हणाली. "मला पुढच्या गावाला जायचंय."

"यादीत नसू दे. डोळ्यानं बघ आन् जा."

अर्पितानं तिच्या तोंडाकडं बघितलं, काठीकडं बघितलं आणि चढायला लागली. पहिल्या ओळीतच ती थबकली. खैराच्या सावलीत गुडघाभर गवत होतं. सीताफळं हिरवी होती, डोळे भरत आलेले. अंजनाला हात लावून ती नुसती उभी राहिली.

"मला दाव," सत्यभामा म्हणाली. "तुमाला वरून काय दिसतं ते मला दाव."

अर्पितानं टॅब उघडला. सत्यभामानं आपला डोंगर पहिल्यांदाच वरून बघितला. तो भाजलेल्या भाकरीसारखा दिसत होता, कडेला करडा आणि मध्ये पांढरट. खाली ओढ्याची नागमोडी हिरवी रेघ.

"ह्यो माजा डोंगर?"

"हो. चौदा एप्रिलचा."

"एप्रिलात तर सगळी पानं पडत्यात, पोरी. खैराला पान नसतं, मोईला नसतं, सीताफळाला नसतं. ती मेलेली नसत्यात. झोपल्याली असत्यात."

अर्पितानं बोटानं चित्र सरकवलं. तोच डोंगर, गेल्या आठवड्यातला. गर्द हिरवा.

"मग ह्योच दावा की साहेबाला!"

"नाही चालत, मावशी." ती खडकावर बसली. "आत्ता सगळंच हिरवं असतं. गवत, सोयाबीन, तूर, सगळं. संगणकाला झाड कुठलं आणि गवत कुठलं ते कळत नाही. म्हणून एप्रिल घेतात. एप्रिलात गवत वाळलेलं असतं, रानं मोकळी असतात. तेव्हा जे हिरवं दिसेल ते झाड, असा नियम धरलाय."

"कुनी धरला?"

अर्पितानं टॅब बंद केला. वारा होता, बहाव्याच्या शेंगा एकमेकींवर वाजत होत्या.

"कुनी धरला ग?"

"तारीख मीच निवडली," अर्पिता म्हणाली. "सगळ्या जिल्ह्यासाठी. त्या दिवशी एकपण ढग नव्हता. फोटो फार स्वच्छ आला होता."

सत्यभामाच्या हातात काठी होती. अर्पितानं मागं सरकून तिच्याकडं पाहिलं. पण सत्यभामानं काठी उचलली नाही. तिनं त्या मुलीचं मनगट धरलं आणि तिला ओळीनं नेलं. प्रत्येक झाडाशी थांबायची आणि म्हणायची, "हात लाव." पुढच्या झाडाशी, "हात लाव." तासभर ते चाललं. शेवटी अर्पिता रडायला लागली, तेव्हा तिनं मनगट सोडलं.

अर्पितानं खरोखर पत्र लिहिलं. तिच्या वरिष्ठांनी ते वाचलं. एका गटाची तारीख बदलायची तर जिल्ह्यातले चारशे गट पुन्हा तपासावे लागतील, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि अहवाल तर मंजूर होऊन गेला होता. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ वाढवण्यात आली: 'पानगळी प्रजातींच्या बाबतीत निष्कर्षांना मर्यादा असू शकतात.' अर्पितानं फोन करून ही ओळ वाचून दाखवली आणि सप्टेंबरच्या फोटोच्या दोन रंगीत प्रती पोस्टानं पाठवल्या. तिच्या हातात तेवढंच होतं. डिसेंबरात तिचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही.

त्याआधी, दोन ऑक्टोबरला, ग्रामसभा होती. चावडीत माणसं मावत नव्हती, कारण विषय विजेचा होता. डोंगर आता कागदावर पडीक झाला होता, आणि पडीक गायरानावर सौर प्रकल्प घालायला एक कंपनी तयार होती. वाडीला दिवसा वीज मिळणार, चार-पाच पोरांना काम मिळणार. रणधीरनं ठराव वाचला. तालुक्याहून एक अधिकारी आले होते. वयस्क, चष्मा लावलेले, घाई नसलेले.

सत्यभामा बायांमधून उठली आणि तिनं अधिकाऱ्यांसमोर दोन्ही फोटो ठेवले.

"ह्यावर सही-शिक्का नाही," अधिकारी म्हणाले. पण त्यांनी फोटो सारले नाहीत, चष्मा वर करून नीट पाहिले. मग चावडीच्या दारातून बाहेर पाहिलं. दारातून डोंगर दिसत होता. पावसाचा शेवट होता, हिरवा डोंगर उन्हात चमकत होता.

मग म्हणाले, "हे बघा, उपग्रहाचं मी बदलू शकत नाही. पण ग्रामसभेनं नोंद केली की तिथं झाडं आहेत, तर मला पुन्हा पाहणी लावावी लागेल. एवढा अधिकार ग्रामसभेला आहे. डोंगरावर झाडं आहेत असं ज्यांचं म्हणणं असेल त्यांनी हात वर करावा."

सत्यभामानं हात वर केला. तिला बरं वाटलं. इतकं सोपं होतं तर. तिनं मागं वळून पाहिलं.

एकही हात वर नव्हता.

ती एकेकाकडं बघत गेली. करिश्मा मांडीवरच्या पोराच्या झबल्याची झालर नीट करत होती. ज्यांच्या शेळ्या तिनं हाकलल्या होत्या, ज्यांचे कोयते हिसकावले होते, ज्यांच्या पोरांना सीताफळावरून खाली ओढलं होतं, ते सगळे तिथं बसले होते आणि त्या सगळ्यांच्या पाठीमागं दारातून डोंगर दिसत होता. तुळजाबाई तेवढी तिच्याकडं सरळ बघत होती. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक.

मग सत्यभामानं पुरुषांच्या बाजूला पाहिलं. उत्तरेश्वर भिंतीला टेकून बसला होता. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. त्याच्या शेजारी कृष्णराज, आणि कृष्णराजच्या खांद्यावर रणधीरचा हात.

"काकू, हात खाली घ्या आता," रणधीर म्हणाला. "दुखंल."

"एक," अधिकारी म्हणाले आणि लिहून घेतलं.

बाहेर पडताना दाराशी तुळजाबाई तिच्या जवळून गेली. आठ वर्षांत ती तिच्याशी बोलली नव्हती. "गाभण हुती ती," तुळजाबाई म्हणाली, आणि पुढं गेली.

घरी आल्यावर सत्यभामा चुलीपुढं बसली, पण चूल पेटवली नाही. उत्तरेश्वर ओसरीवरून आत आला.

"तुमी हात का न्हाय वर केला?"

"पोराचं बघायला नगं का? रणधीरनं शब्द दिलाय. कामावर घेत्यात त्याला."

"झाडं हायत का न्हायत?"

"हायत."

"मग?"

उत्तरेश्वर ओसरीकडं वळला. "मग काय," तो म्हणाला. "हायत."

फेब्रुवारीत यंत्रं आली. झाडं तोडायची तर परवानगी लागते, मोजणी होते, प्रत्येक झाडावर नंबर टाकतात. इथं कागदावर झाडच नव्हतं, त्यामुळं काही लागलं नाही. जेसीबीचा ड्रायव्हर परमुलखातला होता. पहिल्या ओळीशी येऊन त्यानं यंत्र बंद केलं आणि खाली उतरला. "साहब, ये तो जंगल है," तो सुपरवायझरला म्हणाला.

"पडीक हाय," सुपरवायझर म्हणाला. "चालव."

चार दिवस लागले. अकरा वर्षांची झाडं यंत्रापुढं फार टिकत नाहीत. खैर मुळासकट निघायचा तेव्हा चर्रकन् आवाज व्हायचा आणि बुंध्यातला लाल गाभा उघडा पडायचा. फुटक्या मडक्यांचे तुकडे मातीबरोबर वर यायचे. सत्यभामा पहिल्या दिवशी यंत्रापुढं आडवी पडली. दोन पोलीस बायांनी तिला उचलून बाजूला बसवलं. दुसऱ्या दिवशी तिला घराबाहेर पडू दिलं नाही, उत्तरेश्वरनं बाहेरून कडी घातली. तिसऱ्या दिवशी कडी घालायची गरज राहिली नाही.

चौथ्या दिवशी अख्खी वाडी कोयते घेऊन डोंगरावर गेली. बाया हसत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या. इतकं सरपण वाडीनं कधी बघितलं नव्हतं. दुपारपर्यंत प्रत्येक अंगणात ढीग लागला. ज्या दारात ढीग नव्हता, तिथं करिश्मा आली. तिच्या डोक्यावर खैराची मोळी होती, नीट बांधलेली. ती तिनं सत्यभामाच्या उंबऱ्यासमोर उतरवली.

"काकू, तुमचा बी वाटा."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती गोड हसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गेली.

दोन दिवस मोळी तशीच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेश्वरनं ती सोडली, लाकडं फोडली आणि बंबात घातली. खैर चांगला जळतो, धूर करत नाही. "पाणी तापलंय," त्यानं हाक मारली. "अंगूळ करून घे. चार दिवस झालं, केसाचा वास यायला लागलाय."

सत्यभामा उठली, बादली न्हाणीत नेली आणि त्या पाण्यानं अंघोळ केली.

कृष्णराजला काम मिळालं. खांब उतरवायचं, खड्डे खणायचं, चार महिने. प्लेटा बसल्यावर कंपनीनं आपली माणसं बाहेरून आणली. रणधीर म्हणाला, बघू पुढं. कृष्णराज चाकणला निघून गेला. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत उपग्रहानं पुन्हा एप्रिलात डोंगर बघितला आणि आदल्या एप्रिलाशी ताडून पाहिला. ग्रामपंचायतीत तो अहवाल लावला होता. कुसळवाडी, वर्षभरातील वृक्षतोड: निरंक.

सत्यभामाचं नाव यादीतून गेलं ते गेलंच. रोजगार हमीवर तिला कुणी घेईना. वाडीतल्या कुणाच्या शेतावर तिला जायचं नव्हतं, आणि कुणी बोलावलंही नाही. नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, तेव्हा चौपन्नाव्या वर्षी ती मुकादमाकडं गेली आणि अर्धा कोयता म्हणून नाव घातलं. टोळीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. एकट्या बाईला अर्धा.

ट्रॅक्टर निघाला तेव्हा उत्तरेश्वर काठी टेकत रस्त्यापर्यंत आला. "म्या बी येतू," तो म्हणाला. "मोळ्या न्हाय उचलता येत, पर पाचटाच्या कोपीत बसंन. भाकरी थापीन."

"तुमी हितंच बसा," ट्रॉलीतून सत्यभामा म्हणाली. "हात मांडीवर ठिवून."

टोळी कर्नाटकाच्या हद्दीत एका खाजगी कारखान्याकडं गेली. डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात ती एका लांबट फडाशी उतरली. बांधावर एक म्हातारी उभी होती, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात काठी. महादेवी तिचं नाव. मुलगा सोलापूरला दवाखान्यात होता, म्हणून रान तीच बघत होती.

"इल्ला, इल्ला," ती म्हणत होती. "इन्नू आगिल्ला. अजून झाला नाही ऊस. दीड महिना थांबा."

कारखान्याचा फील्डमन तिला मोबाइल दाखवत होता. पडद्यावर तिचा फड पिवळा होता, बाकीचे हिरवे. "अज्जी, हे वरून काढलंय. पिवळा म्हणजे पिकला. आज तोड आली ती आज घ्या, नाहीतर पुन्हा मार्चला."

"पिवळा पाण्यावाचून झालाय! मोटर जळाली, दोन महिने पाणी नाही." म्हातारी काठी आडवी धरून सरीच्या तोंडाशी उभी राहिली. मग तिनं टोळीकडं पाहिलं. सगळ्यांत वयानं मोठी सत्यभामा होती. "अक्का, तुम्ही बाईमाणूस. तुम्ही चावून बघा. तुम्ही सांगा ह्यांना."

फील्डमन कंटाळला होता. "बरं, बघा मावशी. सांगून टाका."

सत्यभामा सरीत शिरली. एक ऊस मोडला, सोलला, मधलं पेर चावलं. रस पाणचट होता, मागाहून जिभेवर खारट चव येत होती. ऊस कच्चा होता. शेंड्याचं पेर चावायचीही गरज नव्हती. तिनं तरी ते चावलं. मुकादम ट्रॅक्टरजवळून बघत होता, टोळी कोयते हातात घेऊन थांबली होती. म्हातारीनं काठी खाली घेतली होती आणि तोंड अर्धं उघडं ठेवून ती वाट बघत होती.

"काय मावशी? पिकलाय ना?"

"पिकलाय," सत्यभामा म्हणाली.

तिनं चोथा थुंकला, म्हातारीला वळसा घातला आणि खाली वाकून पहिला ऊस बुडातून तोडला.